बायल्या : सर्व हक्क राखीव

३ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज. कारण काहीही असो. मागच्या तीन रोजनिश्या पहिल्याच आठवड्यात बंद पडल्या, पण त्यात माझा दोष नव्हता. एकीच्या कागदावर शाई फुटायची. दुसरीवर हिने शाळेचं वेळापत्रक लिहिलं. तिसरीचं आठवत नाही.

या महिन्यात दोन कामं.

एक. चिरंजीव ३० तारखेला परदेशी चालले. तिकडच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी, पाच वर्षांचा करार. गेली तीन वर्षं ते माझ्याशी बोलत नाहीत. जाण्याआधी समेट घडवायचा. सत्तावीस दिवस आहेत. रगड झाले.

दोन. नव्या संपादकबाईंना माझी किंमत कळेल असं बघायचं. अकराला बोलावलंय. 'बायल्या'ला एकवीस वर्षं झाली म्हणून पुरवणी काढायचा विचार असावा.

('बायल्या' ही माझी व्यंगचित्र मालिका. रोज तीन चौकोन, पान दोन, खाली डावीकडे. खांद्यावर टॉवेल, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली बादली, एका पायावर भार आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर. घरातली कामं करतो. तिसऱ्या चौकोनात कोणीतरी म्हणतं, 'बायल्या कुठला!' की लोक हसतात. हे मी कोणाला सांगतोय? वाचणार मीच. असो. पुढे चरित्रकाराला उपयोगी पडेल.)

३ तारीख, संध्याकाळ

पुरवणी नाही.

संपादकबाईंचं वय चौतीस. टेबलावर वाचकांच्या पत्रांची फाइल. एका आईचं पत्र मला वाचायला दिलं. तिचा मुलगा घरात हौसेने ताटं घ्यायचा, पाणी भरायचा. शाळेत पोरं त्याला बायल्या म्हणायला लागली, चित्र कापून त्याच्या डब्यावर चिकटवलं. आता तो कशालाच हात लावत नाही. मी म्हणालो, याला म्हणतात मालिकेचा प्रभाव. बाई हसल्या नाहीत.

म्हणाल्या, शब्दाबद्दल भांडण नाही, कोण कोणाला हसतंय त्याबद्दल आहे. मी म्हणालो, विनोद कोणाच्या तरी अंगावर पडणारच. त्या म्हणाल्या, ज्याला पेलवेल त्याच्या अंगावर पाडा. हे वाक्य घरून पाठ करून आणलं असणार. महिनाअखेरपर्यंत मुदत. बायल्या बदला, नाहीतर बंद करा.

मी अजिबात डगमगलो नाही. म्हणालो, बदलतो. एक खराखुरा मर्द आणून दाखवतो. नवी मालिका. नाव: 'मर्द'.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही शाळेची मुख्याध्यापिका, पेपर तपासत होती, मान वर केली नाही. फक्त म्हणाली, चिरंजीवांना फोन करा, एकच वाक्य बोलायचंय तुम्हाला, तो येईल. मी विचारलं, कोणतं वाक्य? म्हणाली, तुम्हाला माहीत आहे. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

नंतर फरशी पुसली. व्यायाम म्हणून. पडदे ओढले होते ते धुळीसाठी.

५ तारीख, बुधवार

मर्दाची सुरुवात. माझी पद्धत अशी: चेहरा आरशात बघून. सगळे व्यंगचित्रकार तसंच करतात. टेबलावर छोटा आरसा. राग हवा तर रागाने बघायचं, लोभ हवा तर लोभाने. शरीर मात्र मी कल्पनेतून काढतो. तीच तर प्रतिभा.

आज आरशात मर्दासारखं बघितलं. भुवया खाली, हनुवटी पुढे. कागदावर पोट साफ न झालेला माणूस उतरला. छाती पुढे काढली तर बटण तुटलं. सहा कागद वाया. सहाव्यावर नकळत बादली आली.

उद्यापासून बाहेरचा मॉडेल. अस्सल माल.

७ तारीख, शुक्रवार

साडूंना बोलावलं. निवृत्त पोलीस अधिकारी. मिशी अशी की लहान पोरं घाबरून रस्त्याच्या पलीकडे जातात. त्यांना खिडकीजवळ उभं केलं.

पहिली पाच मिनिटं झकास. मग गुडघा. मग पंखा कमी करा. मग खुर्ची मागितली. बसल्या बसल्या बोलायला लागले. त्यांच्या मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हापासून नऊ वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. दर वाढदिवसाला तिचा मेसेज येतो. ते वाचतात. उत्तर काय लिहायचं कळत नाही म्हणून लिहीत नाहीत. आता नऊ वर्षांनी लिहिलं तर ती विचारेल, इतके दिवस कुठे होता. मिशी ओली झाली. मला म्हणाले, हे चित्रात घेऊ नका.

मी कशाला घेईन. मी फक्त मिशी काढली. आणि मनात म्हटलं, बापरे, काय हा हट्टी माणूस. नऊ वर्षं! एक फोन करायला काय जातं?

हिने चित्र बघितलं. म्हणाली, हा तर मिशी लावलेला बायल्याच आहे. हिला चित्रातलं काही कळत नाही.

९ तारीख, रविवार. सकाळी

नवा निर्णय. बाहेर मर्द मिळत नसेल तर स्वतःच व्हावं. कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घातलं. रोज एक तास. महिनाअखेरीला दंड दिसतील, मग आरशात बघून काढायचे. एका दगडात दोन पक्षी.

(ही दर रविवारी चिरंजीवांकडे जाते. आज जाताना विचारलं, काही निरोप? मी म्हणालो, सांग मी जिमला गेलोय.)

९ तारीख, दुपारी

कमरेत उसण. झोपून लिहितोय.

दोष ट्रेनरचा नाही, त्याने हलकं वजन घ्या म्हणून तीनदा सांगितलं होतं. बिचाऱ्याने मला उचलून बाकावर ठेवलं, बर्फ लावला, रिक्षापर्यंत आणून सोडलं. हात इतके हलके की झोप यावी. मी 'बायल्या' काढतो हे कळल्यावर म्हणाला, काका, ते चित्र शाळेत माझ्या बाकावर चिकटवायचे. मी नाच शिकत होतो ना. नाच सोडला आणि इथे आलो.

मी म्हणालो, बघा, म्हणजे तुमच्या यशात माझाही वाटा आहे. त्याने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. भिडस्त दिसतो.

१२ तारीख, बुधवार

अजून अंथरुणात. कमरेला पट्टा. चिरंजीवांशी समेट: प्रगती नाही, पण कंबर दुखत असताना माणूस कसा समेट करणार.

आज मात्र अद्भुत प्रकार. फिजिओथेरपिस्ट आला, सहा फूट उंच, दाराला डोकं लागेल असा. कोट काढला तर आत टी-शर्ट, आणि छातीवर माझा बायल्या! टॉवेल, बादली, जीभ, सगळं. खाली मोठ्या अक्षरात: 'होय, बायल्या. काम सांगा.'

डोळे भरून आले. पुरवणी नको की काय नको, जनता आपल्याला छातीवर मिरवते. विचारलं, कुठे मिळाला? म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलातल्या पुरुष नर्सेसच्या गटाने केलेत. सगळ्या वॉर्डांत आहेत. घालायला अभिमान वाटतो.

तो गेल्यावर विचार करत पडलो. अभिमान? बायल्याचा? यात हसायचं काय आहे मग? तिसरा चौकोनच नाही. म्हणणारा कोणी नाही, नुसता बायल्या उभा. माझ्या लहानपणी हा शब्द कोणी वापरला तर शर्टाची बटणं तुटेपर्यंत मारामारी व्हायची. मी त्यातलं विष काढलं, घराघरात गंमत म्हणून पोचवला. आणि ही पोरं तो पदक म्हणून लावतात. शब्दाची सगळी इज्जतच घालवली यांनी. आणि मला विचारलंदेखील नाही.

१३ तारीख, गुरुवार

हात देऊन खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. नोटीस मी स्वतः सांगितली, त्यांनी टाइप केली. मजकूर इथे उतरवून ठेवतो, कारण भाषा उतरली आहे छान:

'आमचे अशील असे कळवितात की बायल्या ही व्यक्तिरेखा त्यांची स्वतंत्र निर्मिती असून ती केवळ हसण्यासाठी आहे. तिचा अभिमान बाळगण्याचा हक्क आमच्या अशिलांनी कोणासही दिलेला नाही. सबब, आपण सर्वांनी ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत अभिमान बाळगणे थांबवावे.'

वकील चष्मा काढून म्हणाले, लोकांनी अपमान करून घेतला नाही म्हणून मी आजवर कोणाला नोटीस दिलेली नाही. मी म्हणालो, कायद्यात पहिली वेळ कधीतरी असतेच. रजिस्टरने गेली. पत्ता: पुरुष नर्सेसचा गट, मोठं हॉस्पिटल.

हिला सांगितलं नाही. उगाच प्रश्न विचारते.

फार दिवसांनी कणा ताठ झाल्यासारखा वाटला. पट्ट्यामुळेही असेल.

१६ तारीख, रविवार

चौदा दिवस उरले. आता चिरंजीवांचा प्रश्न हातात घेतला. फोन नको. फोनवर मला सुचत नाही. आपलं माध्यम चित्र. तीन चौकोनांत असं काही काढायचं की पोरगा पेपर वाचून थेट घरी येईल.

चौकोन एक: बायल्याचा मुलगा परदेशी निघालाय. दोन: बायल्या त्याची बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून चाललाय, टॉवेलाने डोळे पुसतोय. इथपर्यंत अप्रतिम. मी स्वतः सद्गदित झालो. तीन: शेजारी म्हणतो, 'बायल्या कुठला!'

तिसरा चौकोन हाताने आपोआप लिहिला. एकवीस वर्षांची सवय. पण वाईट काय आहे? प्रेमानेच म्हटलंय.

(तीन वर्षांपूर्वीही असंच झालं. चिरंजीवांना वॉर्ड इनचार्ज केलं तेव्हा मी अभिनंदन म्हणून खास चित्र काढलं होतं: बायल्याला नर्सची नोकरी लागते. सगळ्या हॉस्पिटलने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने कपाट रिकामं केलं. आजच्या पिढीला कौतुक पचत नाही.)

१७ तारीख, सोमवार

संपादकबाईंनी चित्र छापलं नाही. चित्र परत माझ्यापुढे ठेवलं. विचारलं, हे कोणासाठी आहे? मी म्हणालो, जनतेसाठी. त्या म्हणाल्या, ज्याच्यासाठी आहे त्याला नुसते पहिले दोन चौकोन पाठवा, तिसरा कापून टाका.

बाईंना या माध्यमाची जाण नाही. तिसऱ्या चौकोनाशिवाय व्यंगचित्र म्हणजे नुसतं चित्र.

१८ तारीख, मंगळवार

ही शाळेतून आली ती चपला न काढता थेट माझ्या टेबलापाशी. मी विचारलं, काय झालं? एवढ्या शांत आवाजात बोलली की मला आधी कळलंच नाही, रागावली आहे ते.

"पोराला वकिलाची नोटीस पाठवलीत तुम्ही?"

मी म्हणालो, कुठल्या पोराला? मी तर हॉस्पिटलच्या एका गटाला पाठवली. ती म्हणाली, तो गट कोणी काढला? टी-शर्ट कोणी केला? इनचार्ज कोण आहे तिथला?

हात दाखवून अवलक्षण. पण माझी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. टी-शर्टवर नाव नव्हतं. नाव असतं तर मी पाठवली नसती. काटेकोरपणे पाहता नोटीस गटाला आहे, व्यक्तीला नाही. हे मी हिला नीट समजावून सांगितलं. ही आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी स्वतःचं ताट वाढून घेतलं. फरशी पुसली. पडदे ओढायचे राहिले. समोरच्या खिडकीतून कोणी बघितलं नाही, किंवा बघितलं असेल.

१९ तारीख, बुधवार

वकिलांकडे गेलो. नोटीस मागे घ्या म्हणालो. ते म्हणाले, नोटीस मागे घेण्याची दुसरी नोटीस पाठवावी लागेल. मी म्हणालो, तिच्यात 'सबब' नको. म्हणाले, मग ती नोटीस राहणार नाही, पत्र होईल. पत्र तुम्हीच लिहा.

लिहायला बसलो. 'चि.' लिहिलं. पुढे काही सुचेना. 'चि.'च्या भोवती छान वेलबुट्टी काढली.

२० तारीख, गुरुवार

उत्तर आलं. हातपोच. हॉस्पिटलचाच कोणीतरी देऊन गेला. अक्षर ओळखीचं, लहानपणी मीच गिरवून घेतलेलं. उतरवतो:

'तुमची नोटीस मिळाली. टी-शर्ट आम्ही विकत नाही. वॉर्डात नवा मुलगा आला आणि त्याने लाज न बाळगता पहिल्यांदा पेशंटची बादली उचलली, की आम्ही त्याला तो देतो. तुम्ही म्हणता, ही तुमची स्वतंत्र निर्मिती आहे. सोबत फोटो आहे. मुलाचं वय सहा. बादली, टॉवेल, पाय आणि जीभ तपासून घ्यावी. या मुलाला कोणी विचारलं नव्हतं. तरी त्याची तक्रार नाही. तो फक्त आपलं चित्र परत घेतो आहे. कळावे.'

'कळावे' लिहिलंय. पुढे 'लोभ असावा' नाही.

फोटो मेहुणीने काढलेला. हिला तेव्हा टायफॉइड झाला होता, मेहुणी मदतीला आली होती. पोरगा फरशी पुसायला बादली घेऊन निघालाय. पण बादल्या सगळ्या सारख्याच असतात. लहान मुलं जीभ बाहेर काढतातच. याने काही सिद्ध होत नाही.

फोटोच्या कडेला एक खुर्ची आहे. खुर्चीत माणूस बसलाय, मांडीवर वही. चेहरा कापला गेलाय. चप्पल माझी आहे.

२१ तारीख, शुक्रवार. पहाटे ५

पुरावा शोधायचा ठरवलं. जुन्या स्केचबुकांचा गठ्ठा माळ्यावर. कमरेला पट्टा असताना स्टुलावर चढलो. मला सिद्ध करायचं होतं की बायल्या मी कल्पनेतून काढला. एकवीस वर्षं सगळ्यांना हेच सांगितलंय. मुलाखतीतही सांगितलंय.

तपकिरी पुठ्ठ्याची वही. पान चौदा. पाठमोरा, एका पायावर भार देऊन. पान पंधरा. समोरून. पान सोळा, फक्त तोंड आणि जीभ. पेन्सिलच्या रेघा इतक्या हलक्या की मलाच ओळखू येईनात. आता माझी रेघ अशी येत नाही. पान सोळाखाली माझ्याच अक्षरात: 'वा! किती मन लावून करतोय. जपून ठेवायचं.'

मग पान सतरा. तारीख पाच दिवसांनंतरची. शाईने. मोठा माणूस झालाय, पोट आलंय. वर लिहिलंय, 'संपादक म्हणतात, गोड आहे, पण हसू येत नाही. काहीतरी झणझणीत पाहिजे.' खाली तो शब्द. आणि त्याखाली दोन रेघा.

हिला एकशे तीन ताप होता. सहा वर्षांचं पोर फरशी पुसत होतं. मी खुर्चीत बसून चित्र काढत होतो.

२१ तारीख, दुपारी

हेही लिहून ठेवतो, चरित्रकार गेला खड्ड्यात. पाचवीत होता. शाळेतून आला तेव्हा शर्टाच्या पाठीवर माझं चित्र चिकटवलेलं. काढलं नव्हतं त्याने, तसाच चालत घरी आला. मला विचारलं, बाबा, तो मी आहे का? मी म्हणालो, छे रे, तो कल्पनेतला माणूस आहे. आणि पुरुषासारखं घ्यावं, रडू नये.

तो रडला नाही, नुसती मान हलवली. मी रडलो असतो तर बरं झालं असतं.

२४ तारीख, सोमवार

वाक्य सापडलं. हिला विचारायची गरज नाही. 'तो तूच होतास. मी खोटं बोललो. माझं चुकलं.' तीन वाक्यं झाली, पण एका दमात होतात.

सहा दिवस आहेत. आज फोन करायचाच.

९.३० फोन उचलला. सकाळची ड्यूटी असेल, ठेवला.
११.०० सराव करावा म्हणून आरशासमोर म्हटलं. चेहरा बरोबर दिसेना. माफी मागणारा वाटेना, उधारी मागणारा वाटत होता. दुसरा करून बघितला. नीट कळावं म्हणून कागदावर काढला.
४.०० माफीचे एकूण अकरा चेहरे. क्रमांक चार सर्वोत्तम. भुवया सैल, डोळे समोर, तोंड किंचित उघडं. इतका खरा चेहरा मी आयुष्यात काढलेला नाही.
४.१० फोन राहिला.

२५ तारीख, मंगळवार

साडूंना फोन केला. म्हणालो, मुलीला मेसेज करा, काय हरकत आहे, बाप आहात तुम्ही. फार कळकळीने बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही केलात का पोराला? मी म्हणालो, करतोच आहे.

२७ तारीख, गुरुवार

संपादकबाईंकडे. ठरवून गेलो होतो, तत्त्वासाठी राजीनामा द्यायचा. 'मर्द' जमला नाही हे कबूल करायचं नव्हतं. बाणेदारपणे म्हणालो, बायल्या आजपासून बंद, मी स्वतःहून बंद करतो.

बाई म्हणाल्या, बरं झालं तुम्हीच म्हणालात, सोमवारपासून ती जागा शब्दकोड्याला दिली आहे. मग उठून दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, तुमची जुनी पेन्सिलची कामं असतील तर मला बघायची आहेत. मी म्हणालो, तसली मी ठेवत नाही.

एकवीस वर्षं. आणि उभे शब्द, आडवे शब्द.

२८ तारीख, शुक्रवार

ही दहा दिवसांनी माझ्याशी बोलली. उद्या संध्याकाळी तो येतोय. माझ्यासाठी येतोय, ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही. पण तुम्ही घरात असाल. तोंड उघडा, बाकी मी काही मागत नाही.

सकाळपासून वाक्य म्हणतोय. आंघोळ करताना. भांडी घासताना. एकदाही चुकत नाही. क्रमांक चारही नीट होतो. आता काळजीचं कारण नाही.

२९ तारीख, शनिवार

आला. पाच वाजून वीस मिनिटांनी. चाळीस मिनिटं होता.

अंगावर तोच टी-शर्ट. मी दिवाणखान्यात ताठ बसलो होतो, वाक्य जिभेवर. तो आत आला, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय म्हणावं? बाबा, पट्टा उलटा बांधलाय. खाली बसला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. बोटं कमरेवर अशी चालली की दुखणं जागच्या जागी बसलं. त्याचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं. आता, असं मनाशी म्हटलं. तोंड उघडलं. विचारलं, बॅग किती किलोची?

तेवीस, तो म्हणाला.

चाकं चांगली आहेत ना, मी विचारलं. हो म्हणाला. दोन आहेत की चार? चार.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळे मिटून घेतले.

मग माझ्या हातून पाण्याचा तांब्या सांडला. मुद्दाम नाही. फरशीभर पाणी. ही पुढे आली तर तो म्हणाला, आई, तू बस. आतून बादली आणि फडकं घेऊन आला. टॉवेल खांद्यावर टाकला. बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, एका पायावर भार देऊन उभा राहिला, पाणी कुठवर गेलंय ते बघत. आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. सत्तावीस वर्षांचा घोडा, वॉर्डाचा इनचार्ज, आणि तीच जीभ.

बोलायची वेळ हीच होती, त्याहून चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती. आणि मी बघतो तर माझ्या हातात पेन्सिल होती. शेजारी वर्तमानपत्र होतं, त्याच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर पाय झाले होते, बादली झाली होती, खांदा अर्धा झाला होता. कधी उचलली मला माहीत नाही. रेघ हलकी होती. एकवीस वर्षांपूर्वीसारखी.

त्याने वर बघितलं. पेन्सिल बघितली. रागावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. फडकं पिळता पिळता म्हणाला,

"काढा बाबा. फक्त या वेळी विचारा तरी."

एवढंच. मला 'विचारा' म्हणाला. 'काढू का रे?' एवढं म्हणायचं होतं. माझी तीन वाक्यंसुद्धा नाहीत.

मी वर्तमानपत्र घडी करून मांडीखाली घातलं आणि म्हणालो, छे रे, मी कुठे काढतोय. कोडं सोडवत होतो.

त्याने मान हलवली. पाचवीत हलवली होती तशीच. फरशी कोरडी केली, बादली मोरीत ओतली, हात धुतले, आईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला. माझ्या पाया पडला. मी म्हणालो, सुखी राहा, थंडीचे कपडे घे. मग गेला.

३० तारीख, रविवार

विमान संध्याकाळी ५.४० ला. ही पोचवायला गेली. मी गेलो नाही. कमरेमुळे. कंबर आज दुखत नाहीये.

५.४१ ला वाक्य म्हटलं. न अडखळता, तिन्ही. चेहरा क्रमांक चार. घरात कोणी नव्हतं.

मग चित्र काढायला बसलो. महिनाभर जो माणूस जमला नाही तो एका फटक्यात जमला. खुर्चीत बसलाय, मांडीखाली वर्तमानपत्र, तोंड किंचित उघडं. आरशाकडे बघावंसुद्धा लागलं नाही. पण खाली काय लिहायचं ते सुचेना. नामर्द लिहून बघितलं. बसेना. मर्दांनी हेच तर केलं असतं, साडू नऊ वर्षं करतायत. भेकड लिहिलं, तेही फार लहान वाटलं. मग सवयीने हात त्या शब्दाकडे गेला. पहिलं अक्षर काढलं आणि खोडलं. तो आता त्यांचा आहे. त्यासाठी आधी बादली उचलावी लागते.

चित्र तसंच ठेवलं, खाली कोरं.

ही साडेसातला परत आली. डोळे सुजलेले. पर्स ठेवली. म्हणाली, आत जाताना वळून विचारत होता, बाबा ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेतात का. मी म्हणालो, घेतो म्हणावं. घेतली नव्हती. उठून घेतली.